हूक किती उंचीवर?

गाळपाचा हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. भरलेला ट्रेलर ओढत ट्रॅक्टर चढावर येतो, इंजिनाचा आवाज वाढतो आणि पुढची दोन चाके वीतभर वर उचलली जातात. क्षणभर अधांतरी राहून ती पुन्हा आदळतात. चालकाचे दोन सोबती मग पुढच्या बंपरवर जाऊन बसतात, म्हणजे 'तोंड खाली राहील'. रस्त्याकडेला उभी असलेली मुले टाळ्या वाजवतात. त्यांतली काही नववी-दहावीची असतात, आणि घरचा ट्रॅक्टर अधूनमधून त्यांच्याही हाती येतो.

याच मुलांना आपण वर्गात बलाचे आघूर्ण शिकवतो. उदाहरणे ठरलेली असतात : सीसॉ, अडकित्ता, दाराची मूठ. ती चांगलीच आहेत. पण त्यांत चूक झाली तर कुणाचे काही बिघडत नाही. ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली तर स्टीअरिंग निकामी होते, आणि ती थोडी जास्त उचलली गेली तर ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडतो. उलटण्याची क्रिया सेकंदभराच्या आत हाताबाहेर जाऊ शकते. चालकाला धोका कळून त्याचा पाय क्लचवर जाईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हा प्रश्न चढावर नव्हे, घरून निघण्यापूर्वी, ट्रेलर जोडतानाच सोडवावा लागतो. ट्रेलर कुठे जोडायचा? किती उंचीवर, आसापासून किती लांब, आणि कोणत्या प्रकारच्या हुकाला?

बैलगाडीला हे ठाऊक होते

ट्रॅक्टरकडे वळण्यापूर्वी बैलगाडी आठवू. दोन चाकांच्या गाडीत माल आसाच्या मागे जास्त भरला की गाडी 'उलाळ' होते. मागची बाजू खाली जाते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला खालून ओढ बसते. उलट माल फार पुढे भरला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान पोती अशी रचतो की जुवावर थोडासाच भार राहावा. त्याने आघूर्ण हा शब्द ऐकलेला नसतो, पण आस हा टेकू आहे आणि भार त्याच्या कोणत्या बाजूला किती अंतरावर आहे यावर सारे अवलंबून आहे, हे त्याला पक्के कळते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत फरक इतकाच, की इथे उलाळ होण्याची शक्यता ओढणाऱ्याचीही असते.

ट्रॅक्टर ही एक तरफ

हिशेबासाठी एक ट्रॅक्टर घेऊ. आकडे सोपे व्हावेत म्हणून पूर्णांकात धरले आहेत; पण मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरच्या ते जवळपास आहेत. वजन २००० किलो. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर २ मीटर. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.८ मीटर पुढे. बलाचे शास्त्रीय एकक न्यूटन आहे हे मुलांना सांगावेच. इथे मात्र आपण किलोभार वापरू. (१ किलोभार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन.)

मागचे टायर जिथे जमिनीला टेकतात तो आपला टेकू. मागे उलटायचे झाले तर ट्रॅक्टर या बिंदूभोवती वळेल. त्याला पुढे दाबून धरणारे आघूर्ण म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाचे :

२००० × ०.८ = १६०० किलोभार-मीटर.

उभ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर किती भार असेल? १६०० भागिले २, म्हणजे ८०० किलो. उरलेले १२०० मागच्या चाकांवर.

आता मागे चार चाकी ट्रेलर जोडू. भरलेल्या ट्रेलरचे एकूण वजन ८ टन धरू. चार चाकी ट्रेलर आपला भार स्वतःच पेलतो. ट्रॅक्टरवर तो वजन टाकत नाही, फक्त मागे ओढ देतो. सपाट डांबरी रस्त्यावर ही ओढ वजनाच्या दोन-अडीच टक्के, म्हणजे सुमारे २०० किलोभार असते. इतक्याने काही होत नाही. पण दर १० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वजनाचा दहावा हिस्साही मागे खेचू लागतो. ८०० अधिक २००, म्हणजे १००० किलोभार.

ही ओढ आडवी आहे. तिचे आघूर्ण काढायचे तर टेकूपासून तिचे लंबांतर हवे, आणि ते म्हणजे हुकाची जमिनीपासूनची उंची. सगळी मेख इथे आहे.

याच चढावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचाही दहावा हिस्सा, २०० किलोभार, मागे खेचतो. गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर धरला तर त्याचे आघूर्ण १४०. आता दोन हूक ताडून पाहू.

हूक ५० सेंटिमीटर उंचीवर असेल तर :
(१६०० − १४० − १००० × ०.५) ÷ २ = ४८० किलो.

हूक ९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर :
(१६०० − १४० − १००० × ०.९) ÷ २ = २८० किलो.

हे पुढच्या चाकांवर उरलेले भार आहेत. ट्रॅक्टर नीट वळावा यासाठी पुढच्या चाकांवर त्याच्या वजनाच्या निदान २० टक्के भार हवा असा ठोकताळा आहे. आपल्या ट्रॅक्टरसाठी तो ४०० किलो होतो. म्हणजे तोच ट्रॅक्टर, तोच ट्रेलर, तोच चढ. पण खालच्या हुकाने ट्रॅक्टर ताब्यात राहतो आणि वरच्या हुकाने राहत नाही.

चालकाने थांबलेली गाडी चढावर क्लच झटक्यात सोडून काढली तर ओढ आणखी वाढते. ती किती वाढू शकते हे टायरच्या पकडीवर अवलंबून असते. कोरड्या डांबरावर आपला ट्रॅक्टर फार तर १४०० किलोभारापर्यंत ओढू शकेल. तेव्हा खालच्या हुकाने पुढे ३८० किलो उरतात, वरच्या हुकाने फक्त १००. त्यात रस्त्यातला एखादा खड्डा आला की चाके उचललीच. आणि मागे दुसरा ट्रेलर असेल, तर अशा ओढीला याहून कमी चढही पुरतो.

आता बंपरवर बसलेल्या त्या दोघांचा हिशेब करा. प्रत्येकी ६० किलो धरले आणि ते पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे बसले, तर टेकूपासून अंतर २.५ मीटर. १२० × २.५ = ३००; भागिले २, म्हणजे पुढच्या चाकांवर १५० किलो वाढले. हूक ४० सेंटिमीटर खाली घेतल्याने २०० किलो वाढले होते! दोन जीव धोक्यात घालून जे मिळते, त्याहून अधिक लोखंडाचा एक कान खाली बसवून मिळते.

चाके उचलल्यावर काय होते?

खालच्या हुकाचा आणखी एक गुण आहे. ट्रॅक्टरचे तोंड वर जाऊ लागले की मागच्या आसाच्या मागे व खाली असलेला हूक जमिनीकडे जातो. त्याची उंची घटते, म्हणून ओढीचे आघूर्णही घटते. म्हणजे बिघाडच बिघाडाला आवर घालतो. वरच्या हुकाचे लंबांतर मुळातच मोठे असते. ते पुरेसे कमी होण्याआधीच ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागे सरकत टेकूच्या वर येतो, आणि तिथून पुढे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनच त्याला उलटवते.

म्हणून एक नियम डोळे मिटून पाळावा : टॉप लिंकच्या जागेला किंवा मागच्या आसाच्या वर कुठेही ओढायची वस्तू बांधू नये. ट्रेलर तर नाहीच, झाडाचा बुंधा किंवा रुतलेली जीपही नाही. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पुढून ओंडका बांधणे हाही याच जातीचा घात आहे. चाके फिरू शकली नाहीत तर इंजिन आसाभोवती ट्रॅक्टरचे धडच फिरवते. न्यूटनचा तिसरा नियम इथे सवलत देत नाही.

फर्ग्युसनची तिसरी दांडी

ही अडचण ट्रॅक्टरइतकीच जुनी आहे. १९१७ पासून हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या संख्येने निघू लागले. नांगर त्यांच्यामागे नुसता ओढत नेला जाई. नांगराचा फाळ दगडाला अडकला की ओढ एकदम वाढे आणि ट्रॅक्टर मागे उलटे. आयर्लंडमधले हॅरी फर्ग्युसन या प्रश्नाच्या मागे लागले आणि त्यांनी नांगर ट्रॅक्टरला तीन दांड्यांनी जोडण्याची पद्धत तयार केली. १९३९ मध्ये फोर्डच्या ९-एन या ट्रॅक्टरवर ती आली, आणि आज आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ती दिसते : खाली दोन दांड्या, वर एक टॉप लिंक.

फाळ अडकला की नांगर पुढे कलंडू पाहतो. त्यामुळे टॉप लिंक ओढली न जाता पुढे दाबली जाते आणि ट्रॅक्टरच्या धडाला पुढे ढकलते. जे बल ट्रॅक्टरला उलटवत होते, तेच आता त्याचे तोंड खाली धरते. पण नीट पाहा : हे काम तिसरी दांडी करते. ट्रेलर ओढताना आपण टॉप लिंक काढून ठेवतो आणि खालच्या दोन दांड्यांमध्ये भोके असलेली आडवी पट्टी टाकून तिला ट्रेलर जोडतो. दांड्या फर्ग्युसनच्याच, पण त्यांचे संरक्षण गेलेले असते. शिवाय लिफ्ट या दांड्यांना खाली पडू देत नाही. वर जाण्यापासून मात्र ती सहसा रोखत नाही. लिफ्टचा दांडा चुकून ओढला गेला तर हुकाची उंचीही वाढते.

दोन चाकी ट्रेलरची गोष्ट वेगळी

दोन चाकी ट्रेलर बैलगाडीसारखा आपला काही भार पुढे टाकतो. तो चांगला की वाईट? समजा, हुकावर १००० किलो भार आला, आणि हूक मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. त्याचे आघूर्ण ६००. पुढच्या चाकांवरून ३०० किलो कमी होतील. ८०० चे ५०० राहतील. मागच्या चाकांवर किती वाढतील? १००० नव्हे, १३००! मुलांना हे आधी न सांगता विचारावे. वरचे ३०० कुठून आले ते त्यांनीच शोधावे.

मागच्या चाकांवरचा भार वाढला की पकड वाढते. मऊ रानात पकड भाराच्या निम्मी धरली, तर एकटा ट्रॅक्टर १२०० च्या निम्मे, म्हणजे ६०० किलोभार ओढेल. हा भार घेतलेला ट्रॅक्टर २५०० च्या निम्मे, म्हणजे १२५०. चाके जागच्या जागी फिरत राहण्याचा त्रास मिटतो. म्हणून रानातून माल काढायला दोन चाकी ट्रेलर सोयीचा.

पण त्याची किंमत पुढची चाके मोजतात. उपाय दोन. पहिला, हूक आसाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणणे. ६० ऐवजी ३० सेंटिमीटरवर आणला तर पुढून ३०० ऐवजी १५० किलोच जातात. दुसरा, कंपनीने दिलेली वजने पुढे बसवणे, माणसे नव्हे. आणि माल कधीही उलाळ भरू नये. ट्रेलरचा मागचा भाग जड झाला की हूक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते, आणि उतारावर नेमका ब्रेक लागत नाही.

मग हूक कोणता?

आता निवड सोपी होते. चार चाकी जड ट्रेलर रस्त्यावर न्यायचा असेल तर ट्रॅक्टरच्या धडाला घट्ट बसवलेला दोन कानांचा हूक घ्यावा. त्याच्या पट्टीला उंची बदलण्यासाठी बरीच भोके असतात. ट्रेलरची दांडी साधारण आडवी राहील असे पाहून त्यांतले खालचे भोक निवडावे. दांडी तिरपी चढत असेल तर ट्रॅक्टरचा हूक वर न नेता ट्रेलरची कडी खाली घ्यावी.

आसाच्या खालून मागे येणारा ड्रॉबार याहून खाली असतो, म्हणून उलटण्याच्या दृष्टीने तो उत्तम. तो डावी-उजवीकडे झुलणारा असेल तर शेतात ओढायच्या अवजारांना सोयीचा. रस्त्यावर मात्र तो खिळ घालून मध्यावर पक्का करावा. दोन चाकी ट्रेलरचा भार त्यावर टाकण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किती भार चालतो ते पाहावे. खालच्या दोन दांड्यांतली भोकांची पट्टी फक्त हलक्या कामासाठी, आणि तीही ताणपट्ट्या लावून स्थिर केलेली. युरोपात जड ट्रेलरसाठी ८० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यावर बसणारी जोडणीही वापरतात. ती सैल राहत नाही, त्यामुळे धक्के कमी बसतात.

कुठलाही हूक असो, त्याला तीन हालचाली करू द्याव्या लागतात : वळणावर डावी-उजवीकडे, चढ-उतारावर वर-खाली, आणि एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की थोडा पीळ. कडी आणि पिन यांच्यात थोडी मोकळीक असते ती यासाठी. ती फार झाली की प्रत्येक ब्रेकला ट्रेलर हातोड्यासारखा मारतो.

शेवटी पिन. दोन कानांतून जाणारी पिन तुटायची तर दोन ठिकाणी कापली जावी लागते, म्हणून एका कानापेक्षा दोन कानांचा हूक बळकट. ३० मिलिमीटरच्या पिनेचे दोन छेद मिळून सुमारे १४०० चौरस मिलिमीटर भरतात. म्हणजे १४०० किलोभाराची ओढ दर चौरस मिलिमीटरला जेमतेम १ किलोभार होते. पोलाद याच्या कितीतरी पट सोसते. मग पिना का तुटतात? झटके, झिजून पडलेले खाचे आणि वर्षानुवर्षे हजारो वेळा बसणारे छोटे हिसके यांमुळे. म्हणून पिनेच्या जागी सळई किंवा पहारीचा तुकडा घालू नये. खाच पडलेली पिन बदलावी. खाली क्लिप असावीच, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पिन उडून बाहेर येते. आणि सुटलेला ट्रेलर धरून ठेवायला एक साखळी असावी.

वर्गात करून पाहा

एक लाकडी ठोकळा घ्या, साधारण किलोभर वजनाचा. त्याला दोन आस आणि चार चाके लावा, आसांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. मागची चाके दोऱ्याने ठोकळ्याला बांधून टाका, म्हणजे ती फिरणार नाहीत. पुढची चाके स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवा. मागच्या चाकांखाली पॉलिश पेपर चिकटवा. ठोकळ्याच्या मागे, चाकांच्या टेकण्याच्या पातळीपासून ५, १० आणि १५ सेंटिमीटर उंचीवर तीन खिळे मारा.

आता एकेका खिळ्याला ताणकाटा अडकवून आडवी २०० ग्रॅमभाराची ओढ द्या आणि पुढचा काटा वाचा. आपल्या हिशेबाप्रमाणे तो ५०, १०० आणि १५० ग्रॅमने उतरायला हवा. उत्तर थोडे इकडेतिकडे येईल. ओढ तिरपी झाली असेल किंवा खिळ्याची उंची नीट मोजली नसेल. ती कारणे मुलांनीच शोधावीत. मग ठोकळ्याच्या पुढे-मागे वजने ठेवून हाच खेळ पुन्हा करावा.

यानंतरचा गृहपाठ शाळेच्या बाहेरचा. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या बंद उभ्या ट्रॅक्टरच्या हुकाची जमिनीपासूनची उंची आणि मागच्या आसापासूनचे अंतर टेपने मोजून आणावे. पिनेला क्लिप आहे का, खाच पडली आहे का, तेही लिहावे. ट्रॅक्टरचे वजन आणि आसांतले अंतर पुस्तिकेत मिळते. आकडे फळ्यावर मांडले की कोणाचा हूक खाली घ्यायला हवा हे शिक्षकांना सांगावे लागणार नाही. मूल घरी जाऊन वडिलांना किंवा काकांना ते सांगेल. ते ऐकतीलच असे नाही. पण ९० आणि ५० या दोन आकड्यांतून २०० किलो कसे निघतात हे कागदावर मांडून दाखवले, तर ऐकण्याची शक्यता वाढते.

पुढच्या हंगामात चढावर चाके उचलली गेली, तर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निदान एकाची नजर ट्रॅक्टरच्या तोंडाकडे न जाता मागे, हुकाकडे गेली पाहिजे.